सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन ब्रिटनचे पंतप्रधान झाले असते तर?

मधली_फळी

जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत ब्रिटनने पाच नवे पंतप्रधान पाहिले: थेरेसा मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर. फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाल्यापासून मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरच्या खुर्चीचीही तीच गत. दोन्हीकडे नवा माणूस येतो, पहिल्याच पत्रकार परिषदेत 'थोडा वेळ द्या' म्हणतो आणि लोकांना त्याचं नाव नीट उच्चारता यायच्या आत त्याची गच्छंती होते. त्यावरून हा किडा डोक्यात वळवळायला लागला. साडेसव्वीस वर्षं एकाच खुर्चीत ठाण मांडून बसलेल्या फर्गीलाच, म्हणजे फर्ग्युसनलाच, देश चालवायला दिला असता तर?

आणि राजकारण मी त्याला उगाच चिकटवत नाहीये. जन्म १९४१ चा, ग्लासगोच्या गोव्हन भागातला. बाप जहाजबांधणीच्या गोदीत कामाला. हा स्वतः हिलिंग्टनच्या कारखान्यात शिकाऊ टूलमेकर, तिथे युनियनचा शॉप स्टुअर्ड (कामगारांनी निवडलेला प्रतिनिधी), पगाराच्या भांडणात पोरांना घेऊन कामावरून बाहेर पडलेला. पुढे सर झाला, घोडे बाळगले, उंची वाइन जमवली, पण मत कायम मजूर पक्षाला. ब्लेअरचा प्रसिद्धीप्रमुख अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल त्याचा दोस्त. म्हणजे पक्ष तयार, ओळखी तयार, फक्त तिकीट बाकी.

माझा दावा असा: पंतप्रधान तो चांगला झाला असता, पण त्याला टिकू दिलं नसतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये तो आला तेव्हा युनायटेड २२ संघांत २१वं होतं. पहिला करंडक मे १९९० मध्ये, लीग थेट १९९३ मध्ये. सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा मार खाल्ला, त्या मोसमात प्रेक्षकांत फलक लागला होता की तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकतोय, आता टाटा. साडेतीन वर्षांत हाती शून्य असलेला पंतप्रधान पुढची निवडणूक बघतो का? पक्षवाले आधीच सुरी घेऊन मागे उभे राहतात. क्लबच्या संचालकांनी दम धरला म्हणून पुढचा इतिहास घडला.

होऊ द्या चर्चा. खातेवाटपही करून टाका.

आखूडशिंगी

जागा पकडून बसलोय. तोवर मंत्रिमंडळ घ्या, सगळे फर्गीच्याच हाताखालचे खेळाडू.

गृह: रॉय कीन. कायदा आणि सुव्यवस्था आपोआप. कायदा मोडणाऱ्यांपेक्षा पोलीसच जास्त घाबरतील.
परराष्ट्र: एरिक कँटोना. १९९५ मध्ये सेलहर्स्ट पार्कवर प्रेक्षकाच्या छातीवर लाथ घातली, त्या प्रकरणानंतर पत्रकारांसमोर येऊन मासेमारीची बोट आणि मागे उडणारे सीगल असं एकच वाक्य बोलला आणि उठून गेला. परराष्ट्र खात्याच्या निवेदनाचा अर्थ तसाही कोणाला लागत नाही.
आरोग्य: पॉल स्कोल्स. शब्द काढणार नाही, काम करून घरी जाईल.
क्रीडा: बेकहॅम. फोटोसाठी.

लोकसभेत, म्हणजे त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये, दर बुधवारी पंतप्रधानांना प्रश्न विचारतात. सामन्यात जादा वेळ मागायला रेफरीला दाखवायचा तसं घड्याळ दाखवत सभापतींच्या अंगावर धावून जाणारा फर्गी डोळ्यांसमोर आणा. सरकार हरत असेल तर मतदानाला सात मिनिटं वाढवून.

बापूसाहेब_ठाणेकर

युनियनवाला, युनियनवाला म्हणून कौतुक चाललंय म्हणून आठवण करून देतो. १९७८ मध्ये सेंट मिरन या स्कॉटिश क्लबने फर्ग्युसनना काढून टाकलं. मॅनेजर म्हणून त्यांची हकालपट्टी झाली ती तेवढी एकदाच. हे गेले औद्योगिक न्यायाधिकरणात, अन्यायाने काढलं म्हणून. आणि हरले. उभी हयात कामगार खात्याशी संबंधित कज्जे बघण्यात गेली, त्यामुळे मला या माणसाबद्दलची सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते. काढणं म्हणजे काय ते त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं. तिथून ते अ‍ॅबरडीनला गेले, रेंजर्स आणि सेल्टिक या स्कॉटलंडच्या दोन बड्या क्लबांच्या छाताडावर बसून तीन लीग जिंकल्या, १९८३ मध्ये गोथेनबर्गला रेआल माद्रिदला हरवून युरोपातला चषक आणला. एके काळी संपात पुढे असणारा हा माणूस नंतर स्वतः मालकासारखा वागला यात मला विसंगती दिसत नाही. चांगला युनियन पुढारी उत्तम साहेब होतो, कारण समोरचा कुठे वाकणार हे त्याला ठाऊक असतं.

सॅल्फर्डची_सून

बापू, शेवटच्या वाक्याला +१. पण 'मालकासारखा' म्हणालात तिथेच खरी गोम आहे, आणि ती आमच्याकडे आजही दुखरी नस आहे.

रॉक ऑफ जिब्राल्टर नावाचा शर्यतीचा घोडा होता. त्याच्या मालकीवरून फर्गीचं जॉन मॅग्नियरशी फाटलं. मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस हे दोघे त्या वेळी युनायटेडचे मोठे भागधारक. भांडण मिटलं २००४ मध्ये, पण २००५ मध्ये त्या दोघांनी आपले शेअर्स माल्कम ग्लेझरला विकले आणि क्लब अमेरिकेत गेला. ग्लेझरने क्लब घेतला कर्ज काढून आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच बोकांडी. चाहते रस्त्यावर आले. काहींनी सीझन तिकिटं सोडली आणि एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला, एक सभासद एक मत अशा नियमाचा. यात गोव्हनचा शॉप स्टुअर्ड कुठे होता? ग्लेझरच्या बाजूला. मालक चांगले आहेत, माझ्या कामात ढवळाढवळ करत नाहीत, असं तो पुढची आठ वर्षं सांगत राहिला.

माझे सासरे जन्मभर ओल्ड ट्रॅफर्डला, युनायटेडच्या मैदानावर, गेलेले आणि जन्मभर मजूर पक्षाचे. ते फर्गीच्या फोटोखाली बसून फर्गीला शिव्या घालतात. १९९९ चा, बार्सिलोनात युरोपियन करंडक जिंकल्याचा फोटो उतरवायचा नाही, आणि २००५ विसरायचं नाही. पंतप्रधान म्हणून मत द्याल का विचारलं तर म्हणाले, मत देईन, पण संप झाला तर तो कुठल्या बाजूला उभा राहील ते आधी लेखी हवं.

आणि मतांचं गणित बघा. लिव्हरपूल शहरातल्या सगळ्या जागा कित्येक निवडणुका मजूर पक्षाच्या खिशात आहेत. लिव्हरपूल क्लबला त्यांच्या गादीवरून खाली खेचणं हेच माझं काम, असं जाहीर सांगून १८ लीगचा त्यांचा विक्रम २०११ मध्ये मोडणारा माणूस पक्षाचा नेता झाला तर तिथले लोक हुजूर पक्षाला मत देतील की घरी बसतील, एवढाच प्रश्न उरतो.

नानाची_टांग

लोकहो, माणूसच चुकीचा निवडलाय. मॅनेजर आणि राजकारण म्हटलं की नाव एकच, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा ब्रायन क्लॉ.

इथे 'झाले असते तर' म्हणायचीसुद्धा गरज नाही, कारण मजूर पक्षाने त्याला खासदारकीला उभं राहायची गळ दोनदा घातली होती. दोन्हीदा तो नाही म्हणाला. १९८४-८५ च्या संपात खाणकामगारांना उघड पाठिंबा. वंशद्वेष्ट्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या अँटी नाझी लीगला नाव दिलं. टीव्हीवर बोलायला बसला की मुलाखत घेणारा घाम पुसायचा. खेळाडूशी मतभेद झाले तर काय करता, असं विचारल्यावरचं त्याचं उत्तर प्रसिद्धच आहे: वीस मिनिटं चर्चा करतो आणि मग मीच बरोबर होतो असं आमचं ठरतं. कॅबिनेट पद्धतीचं यापेक्षा प्रामाणिक वर्णन कुठल्या पंतप्रधानाने केलंय?

आणि कर्तृत्व म्हणाल तर दुसऱ्या डिव्हिजनमधलं नॉटिंगहॅम फॉरेस्ट उचललं, १९७७ ला वर आणलं, १९७८ ला लीग, १९७९ आणि १९८० ला लागोपाठ युरोपियन कप. फर्गीच्या हाती किमान युनायटेड तरी होतं.

तोफखाना

@नानाची_टांग, लीड्सचं काय करायचं?

१९७४ मध्ये तुमचा क्लॉ गतविजेत्या लीड्स क्लबचा मॅनेजर म्हणून गेला आणि सुरुवातीलाच खेळाडूंना सांगितलं, ती सगळी पदकं कचऱ्याच्या डब्यात टाका, फसवून जिंकलेली आहेत. ४४ दिवसांत बाहेर. लिझ ट्रस ४९ दिवस टिकली. म्हणजे पंतप्रधान क्लॉ ट्रसकडूनही हरला.

शिवाय १९८९ मध्ये क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) विरुद्धचा सामना जिंकल्यावर स्वतःच्याच क्लबचे प्रेक्षक आनंदाने मैदानात धावत आले, तर याने त्यांच्या कानशिलात लगावल्या. दंड भरला, मोसमभर मैदानाच्या कडेला उभं राहायची बंदी. मतदार भेटायला आला की थोबाडीत, असा प्रचार चालेल का?

आमच्या आर्सेनल क्लबकडून मॅनेजर आर्सेन वेंगर यांचं नाव अर्थमंत्रिपदासाठी पुढे करतो. स्ट्रासबर्गला अर्थशास्त्र शिकलेला माणूस. नवं स्टेडियम बांधलं त्या काळात हात आखडून संघ चालवला, दरवर्षी चौथा नंबर आणून वर सांगितलं की हा पण करंडकच आहे. वित्तीय तूट आटोक्यात ठेवणं म्हणतात ते हेच.

नानाची_टांग

लीड्सला ४४ दिवसांत काढला तेव्हा भरपाई घेऊन गेला आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर येऊन बसला, शेजारी त्याच्या आधीचा लीड्सचा मॅनेजर डॉन रेव्ही. समोरासमोर भांडले. राजीनाम्याच्या दिवशी आपल्या पूर्वसुरीशी थेट वाद घालायला बसलेला एक तरी पंतप्रधान दाखवा.

रच्याकने, फर्गी टिकला तोही क्लॉच्याच मैदानावर. जानेवारी १९९० चा एफए कपचा (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) सामना, नॉटिंगहॅमला. हरला तर नारळ मिळणार असं सगळे वर्तमानपत्रवाले लिहीत होते. युनायटेडच्या मार्क रॉबिन्सने गोल केला, १-० ने जिंकले, आणि त्याच वर्षी तो कप घेतला. क्लॉने त्या दिवशी नीट बचाव करवून घेतला असता तर हा धागा माझ्या माणसावर निघाला असता.

चष्मेवाली

मला दुसराच प्रश्न पडलाय. फुटबॉलमधून देशाच्या सत्तेपर्यंत लोक पोचलेत की. पण कोण पोचलं ते बघा.

सिल्व्हिओ बर्लुस्कोनी: एसी मिलानचा मालक, १९९४ मध्ये इटलीचा पंतप्रधान, पक्षाचं नावच स्टेडियममधल्या घोषणेवरून घेतलेलं. मॉरिसिओ मॅक्री: बोका ज्युनियर्स क्लबचा अध्यक्ष, २०१५ मध्ये अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष. जॉर्ज वेआ: खेळाडू, २०१८ ते २०२४ लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष. काखा कलाद्झे: मिलानचा बचावपटू, २०१७ पासून तिबिलिसीचा महापौर. मालक आहेत, खेळाडू आहेत. नावाजलेला मॅनेजर एकही नाही!

उलट मॅनेजरचं काय होतं? २००० च्या युरो स्पर्धेत इटली अंतिम सामन्यात हरली, बर्लुस्कोनीने प्रशिक्षक दिनो झॉफवर तोंडसुख घेतलं आणि झॉफने राजीनामा दिला. बर्लुस्कोनी तेव्हा विरोधी पक्षात होता, तरीही.

माझ्या मते कारण सरळ आहे. खेळाडूला लोक गोल मारताना बघतात, त्याच्यावर जीव टाकतात. मालकाकडे पैसा आणि टीव्ही चॅनेल असतं. मॅनेजरला वरून नेमतात. त्याला ड्रेसिंग रूममधून मतं मागायची वेळ कधी येत नाही. फर्गीने आयुष्यात एकच निवडणूक लढवली असेल तर ती शॉप स्टुअर्डची.

मडगावचा_पाव

चष्मेवाली, मालकांच्या यादीत आमचं गोवाही धरा. चर्चिल आलेमाव १९९० मध्ये तीन आठवड्यांपेक्षा कमी काळ मुख्यमंत्री होते, पुढे खासदारही झाले. आणि चर्चिल ब्रदर्सने आय-लीग दोनदा जिंकली. आर्मांडो कुलासो यांनी धेंपो क्लबला राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवून दिलं, भारताच्या संघाचेही प्रशिक्षक होते. आमच्या बाजारात त्यांना सगळे मान देतात, पण तिकीट कोणी दिल्याचं ऐकलं नाही. तिकीट क्लब चालवणाऱ्याला.

आखूडशिंगी

पाव, आता कोणीतरी आपल्याकडच्या क्रिकेट संघटनांवर घसरणार बघ.

मधली_फळी

कृपया नको. तिकडे गेलो की धागा तीनशे प्रतिसादांवर जाईल आणि कुलूप लागेल. फर्गीवर या.

चष्मेवालीने मुद्दा बरोबर पकडलाय, त्यात भर घालतो. ब्लेअरने स्वतः लिहून ठेवलेला किस्सा आहे. त्याने फर्गीला विचारलं, खेळाडू अतिशय गुणी आहे पण डोक्याला ताप झालाय, तर तू काय करतोस? उत्तर: काढून टाकतो. ब्लेअर म्हणाला, आणि काढल्यावरही तो ड्रेसिंग रूममध्येच बसून राहिला तर? फर्गी हसला, म्हणाला, मग गोष्ट वेगळी. ब्लेअरच्या डोळ्यांसमोर गॉर्डन ब्राउन होता हे सांगायला नकोच. दहा वर्षं अर्थमंत्री म्हणून ब्राउन शेजारच्या घरात राहिला आणि २००७ मध्ये ब्लेअरची खुर्ची घेऊनच थांबला.

फर्गीची सगळी ताकद या एका 'काढून टाकतो' मध्ये होती. मे १९९० चा एफए कप अंतिम सामना आठवा. क्रिस्टल पॅलेसशी ३-३ बरोबरी. गोलकीपर जिम लेटन, अ‍ॅबरडीनपासूनचा माणूस, गोथेनबर्गलाही तोच होता. बरोबरीनंतर पाच दिवसांनी पुन्हा सामना आणि फर्गीने लेटनला बाहेर बसवला, उसना आणलेला लेस सीली खेळवला. १-० ने जिंकले. लेटनने त्याला माफ केलं नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात इन्स, ह्यूज आणि कांचेल्स्किस एकदम विकले, पोरं घेऊन खेळला, टीव्हीवर समीक्षक अ‍ॅलन हॅन्सन म्हणाला पोराटोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, आणि मे १९९६ मध्ये लीग व कप दोन्ही घरात. २००३ मध्ये लाथाडलेला बूट बेकहॅमच्या भुवईवर बसला, उन्हाळ्यात बेकहॅम माद्रिदला. २००५ मध्ये कीनने क्लबच्याच वाहिनीवर सहकाऱ्यांची सालटी काढली, ती मुलाखत दाखवलीच नाही, आणि आठ वर्षांचा कर्णधार नोव्हेंबरात घरी.

आता हाच नियम संसदेत लावा. काढलेला मंत्री माद्रिदला जात नाही. मागच्या बाकावर जाऊन बसतो, तुमच्या पाठीमागे, कॅमेऱ्यात दिसेल असा. आणि सह्या गोळा करतो.

बापूसाहेब_ठाणेकर

मग पंतप्रधानपद सोडा. त्यांना मुख्य प्रतोद करा!

गंमत म्हणून बोलत नाही. कोण कुठे जेवतो, कोणाचं कोणाशी जमतं, मतदानाच्या रात्री कोण दांडी मारणार, हे ठाऊक असणं हे प्रतोदाचं काम. फर्ग्युसननी मँचेस्टरात तेच केलं. ली शार्पच्या घरी पार्टी चालली होती, रायन गिग्ज आणि काही शिकाऊ पोरं तिथे होती. कुठून तरी खबर लागली. हे साहेब दारात हजर. एकेकाच्या टाळक्यात टपली मारत सगळ्यांना घराबाहेर काढलं. शार्प आणि गिग्ज दोघेही तेव्हा पहिल्या संघातले होते.

चष्मेवाली

बापू, सहमत. शिवाय प्रतोदाला पत्रकारांशी बोलावं लागत नाही, हा मोठाच फायदा. २००४ मध्ये मुलाच्या एजंटगिरीवर बीबीसीने माहितीपट दाखवला म्हणून फर्गी बीबीसीशी २०११ पर्यंत बोलला नाही. मुलाखतीला सहायकाला पाठवायचा. बीबीसीशी सात वर्षं अबोला धरणारा पंतप्रधान लोक आधी डोक्यावर घेतील आणि मग अर्थसंकल्प कोणाकडून ऐकायचा म्हणून विचारतील.

तोफखाना

सहायकावरून आठवलं. सराव घ्यायचं काम तो स्वतः करत नव्हता. नॉक्स, किड, मॅक्लॅरेन, केरोश, फेलन अशी माणसं बदलत राहिली, हा कडेला उभा राहून बघायचा. कोणाच्या पायात जडपणा आलाय, कोण घरी भांडून आलाय, हे त्यातून कळतं म्हणायचा. शत्रूपक्षातला असूनही सांगतो, हे पंतप्रधानांनी शिकावं असं आहे. सगळ्या फायली स्वतः वाचणारे बुडालेत.

सॅल्फर्डची_सून

मुख्य प्रतोद चालेल. सासऱ्यांना सांगते, त्यांचा तो लेखी हट्ट तरी सुटेल.

अवांतर, पण फार अवांतर नाही: २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात फर्गी स्वतंत्र होण्याच्या विरोधात होता. पण राहायला इंग्लंडात, त्यामुळे मत नाही. त्याची तक्रार होती की बाहेर राहणाऱ्या आठ लाख स्कॉट लोकांना यात आवाजच नाही. स्कॉटलंडबाहेरच्यांकडून ५०० पौंडांपेक्षा जास्त देणगी घेऊ नका असं स्वातंत्र्यवाद्यांचं म्हणणं होतं. याने विरोधी मोहिमेला ५०१ पौंड दिले. ५०० नाही, हजार नाही. त्या एका पौंडात मला अख्खा माणूस दिसतो.

आखूडशिंगी

५०१!! हा माणूस महापालिकेत हवा होता.

बापूसाहेब_ठाणेकर

एक राहिलं, उत्तराधिकारी. मे २०१३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवरच्या शेवटच्या सामन्यानंतर माइक हातात घेऊन फर्ग्युसननी भरल्या मैदानाला सांगितलं, आता तुमचं काम नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहणं. नवे मॅनेजर डेव्हिड मोइस, त्यांनीच सुचवलेले. करार सहा वर्षांचा. मार्च २०१४ मध्ये मोइस चालते व्हा असा फलक लावलेलं विमान त्याच मैदानावरून फिरलं आणि एप्रिलमध्ये मोइस गेले. विमानाचं भाडं चाहत्यांनी वर्गणी काढून भरलं होतं.

नानाची_टांग

क्लॉवर वेगळा धागा काढतो. इथे त्याला न्याय मिळत नाहीये.